जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाचा आवाज: निदान आणि दुरुस्ती

पंधरा-वीस वर्षे चाललेल्या शंभर सीसीच्या मोटरसायकलचे इंजिन आवाज करू लागले की गॅरेजमध्ये बऱ्याचदा पहिल्याच मिनिटाला ‘हाफ इंजिनचे काम काढावे लागेल’ (म्हणजे हेड, सिलिंडरचा ब्लॉक आणि पिस्टन उघडून दुरुस्ती) असे ऐकू येते. माझ्या गाडीच्या बाबतीतही हेच झाले होते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ चढताना ‘टक-टक’ वाजे, म्हणून दोनदा टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांमधले अंतर) सेट करून झाले. प्रत्यक्षात सायलेन्सरचा बेंड पाइप जिथे हेडला (सिलिंडरवरच्या भागाला) जोडलेला असतो, तिथले पॅकिंग जळून वायू बाहेर फुटत होता आणि तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येत होता. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, केव्हा वाढतो आणि केव्हा थांबतो, हे आधी टिपून ठेवावे, असे मी तेव्हापासून मानतो.

ही पाहणी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना करावी. सोसायटीच्या बंदिस्त तळघरात ती करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. सुरू करण्यापूर्वी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून ऑइलची पातळी पाहावी. पातळी कमी असेल तर पुढचे सारे निदान फसवे ठरते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढलेली असेल तर ही शक्यता मोठी असते. अशा वेळी इंजिन सुरू न करता ऑइल बदलावे. नवे ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे आणि जासो एमए (मोटरसायकलच्या ऑइलचे जपानी मानक) प्रमाणाचे घ्यावे. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्यामुळे मोटारीचे ऑइल घातल्यास तो घसरण्याचा धोका असतो.

त्यानंतर इंजिनाबाहेरच्या गोष्टी तपासाव्यात. फाउंडेशन बोल्ट (इंजिन सांगाड्याला धरणारे), सायलेन्सरचे नट आणि चेन कव्हर सैल असतील तर ते आवळावेत, चेनचा ढिलेपणाही पाहावा. पॅकिंग फुटले असल्यास जोडाभोवती काळी काजळी दिसते. सायलेन्सर मात्र थंड असतानाच हात लावावा.

एवढे करूनही आवाज राहिला तर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावावी. आवाज हेडजवळ स्पष्ट असेल, हलका असेल आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत असेल तर संशय टॅपेटवर घ्यावा. टायमिंग चेनचा (इंजिनातले व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चेनचा) आवाज खरखरीत असतो. तो चेन ज्या बाजूने जाते तिथे येतो आणि थंड इंजिन सुरू केल्यावर काही क्षण जास्त जाणवतो. क्लच दाबताच आवाज थांबला किंवा बदलला तर दोष क्लचच्या बाजूचा असण्याची शक्यता मोठी असते. थंडपणी बोदा ‘ठक-ठक’ येऊन इंजिन तापल्यावर तो कमी झाला, तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टन झिजले आहेत असे समजावे. चढावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळताच गोट्या खळखळल्यासारखे ऐकू येत असेल तर ते नॉकिंग (इंधन अवेळी पेटणे) असते. त्यावर आधी हेडमधला कार्बन, कार्ब्युरेटरचे मिश्रण आणि इग्निशन तपासावे.

यांपैकी टॅपेटचे काम घरी करता येते, पण ते इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. प्लग काढून, मॅग्नेटची (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाची) खिडकी उघडून क्रँक (पिस्टन फिरवतो तो मुख्य दांडा) हळूहळू फिरवावा आणि ‘टी’ची खूण (पिस्टन सर्वांत वर आल्याची) जुळवावी. या स्थितीत दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून दोन फेऱ्यांत एकदाच या खुणेवर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीची फीलर गेजची (बारीक अंतर मोजायच्या पट्ट्यांची) पाती रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधून किंचित घासत सरकली पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू हमखास फिरतो, म्हणून तो धरून ठेवावा आणि आवळल्यावर अंतर पुन्हा मोजावे. आवाज अगदी बंद व्हावा म्हणून टॅपेट घट्ट करण्याचा मोह टाळावा. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. हलकी टिकटिक चालते.

टायमिंग चेनचे काम काढल्यास चेनसोबत टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि गाइडचे रबरही बदलून घ्यावेत. नुसती चेन टाकून काही महिन्यांनी तेच काम पुन्हा करण्यात पैसे वाया जातात. बोअरसाठी मात्र मोजमापाचा आग्रह धरावा. ब्लॉक बोअर गेजने मोजल्याशिवाय ‘पिस्टन गेला’ हे मान्य करू नये आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

काढलेले ऑइल गाळून त्यात चुंबक फिरवणेही उपयोगी असते. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे असतात, तर न चिकटणारे चकचकीत कण बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. इंजिनाच्या तळातून जड ठोका येत असेल आणि तो भार घेताना वाढत असेल, तर बहुधा कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग गेलेले असते. अशी गाडी ‘वाशीपर्यंत तर जाऊ’ म्हणून ठाणे-बेलापूर रस्त्याला लावू नये, कारण रॉड तुटला तर क्रँककेसही फुटते. ती टेम्पोतच गॅरेजला न्यावी.