डलहौसीची वारसनोंद

सव्वीस वर्षं मी तलाठी होते, सगळी सातारा जिल्ह्यात. मयताचं नाव कमी करायचं, वारसांची नावं लावायची, नोटिसा बजावायच्या, सर्कलसाहेबांकडून नोंद मंजूर करून घ्यायची. निवृत्तीनंतर सदर बझारातल्या घरी बसून विलायतेच्या उमरावांच्या वारसनोंदी काढीन असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. लावून दिलं ते नातीने. मोबाइलवर कसलीशी इंग्रजी मालिका बघता बघता म्हणाली, "आजी, हा अर्लचा मुलगा लॉर्ड, मग याचा धाकटा भाऊ नुसता मिस्टर कसा?"

तुम्हालाही असला नाद लागला असेल तर आधी एकच माणूस धरा. अख्खं घराणं धरलंत की आठवड्यात वही माळ्यावर जाते. मी गव्हर्नर जनरल डलहौसी धरला. साताऱ्याच्या माणसाने दुसरा कोण धरायचा? १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज वारले, त्यांनी घेतलेला दत्तक याने मानला नाही आणि राज्य खालसा झालं. मी नोकरीत दत्तकाच्या नोंदी कितीतरी घातल्या. म्हटलं, बघू या याच्या घरात वारस कोण होता.

डलहौसी हे आडनाव नव्हे, पदवी आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं. माणसाचं नाव जेम्स ब्राउन-रॅमझे. बापाचं रॅमझे, आईच्या माहेरचं ब्राउन. तेव्हा नाव, आडनाव, पदवी आणि पदवीचा क्रमांक असे चार रकाने आखूनच बसा. पदव्यांची उतरंड पाठ करून टाका: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बॅरोनेट हा यात धरायचा नाही. त्याचं 'सर' वंशपरंपरेने चालतं, पण तो उमराव नव्हे.

आता नातीचा प्रश्न. अर्ल जिवंत असतो तोवर त्याचा थोरला मुलगा बापाचीच एखादी खालची पदवी नुसती वापरतो, मानापुरती. धाकटे राहतात 'ऑनरेबल', बोलताना नुसते मिस्टर. यातच मी चांगली तोंडावर आपटले. एक लॉर्ड रॅमझे १८३२ मध्ये वारल्याचं मी लिहून घेतलं होतं आणि १८३७ मध्ये लॉर्ड रॅमझे निवडून ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेत गेलेले! दोन दिवस मी आकडे तपासत होते. मग उलगडलं. १८३२ मध्ये वारला तो थोरला भाऊ. तो गेल्यावर तेच नाव धाकट्या जेम्सकडे आलं. १८३८ मध्ये बाप वारला आणि जेम्स अर्ल झाला, १८४९ मध्ये मार्क्वेस. म्हणजे एकाच माणसाची चार नावं आणि एकाच नावाची दोन माणसं. प्रत्येक नावापुढे साल लिहायची सवय तेव्हापासून लागली.

क्रमांकानेही असंच फसायला होतं. आपला हा दहावा अर्ल, पुढे अकरावा, बारावा. मी तीन पिढ्या एकाखाली एक मांडल्या. प्रत्यक्षात तिघे सख्खे चुलतभाऊ निघाले, आठव्या अर्लचे नातू! त्याचा एक मुलगा जॉर्ज, नववा अर्ल, त्याचा जेम्स. दुसऱ्या मुलाने, विल्यमने, मौल घराण्याची इस्टेट मिळाली म्हणून आडनाव बदललं, त्याचा फॉक्स मौल हा अकरावा. आणखी एका मुलाचा, जॉनचा मुलगा जॉर्ज, तो बारावा. क्रमांक म्हणजे खातेदार कितवा एवढंच. पिढी वेगळी मोजायची. इंग्रजीत हे सगळे नुसते 'कझिन', चुलत-आते-मामे काही कळत नाही. म्हणून दोघांचा मूळपुरुष सापडेपर्यंत रेघ ओढू नका.

गादी कुणाला जाणार हे बहुतेक वेळा सनदेत लिहिलेलं असतं. प्रत्येक पदवीची सनद वेगळी, आणि तिच्यातलं वारसाचं कलम हीच खरी गोम. डलहौसीची अर्लकी १६३३ची, स्कॉटलंडची. ती चुलत शाखेत जाऊ शकली. मार्क्वेसची पदवी फक्त त्याच्या स्वतःच्या मुलाला मिळाली असती. १८६० मध्ये तो वारला. दोन मुली, मुलगा नाही. पदवी अकरा वर्षांत संपली. दत्तक? तिकडे दत्तकाला उमरावकी मिळतच नाही. मी त्या नोंदीवर जरा जास्तच वेळ बसले, हे कबूल करते.

हे सापडतं कुठे? बर्कचं पीअरेज, म्हणजे उमराव घराण्यांच्या वंशावळींचं पुस्तक, १८२६ पासून निघतं, त्यात घराण्याच्या सगळ्या फांद्या मिळतात. पण माहिती बहुतेक घरच्यांनीच पुरवलेली, म्हणजे प्रतिज्ञापत्रावर काढलेली वंशावळ. जुन्या पिढ्यांच्या दंतकथा जशाच्या तशा. कोकेन नावाच्या अभ्यासकाचं कम्प्लीट पीअरेज कडक, पण ते सात-बाऱ्यासारखं, पदवीधारकापुरतंच बोलतं. दोन्हींच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. एकात सापडलेलं दुसऱ्यात ताडून बघा. पदवी कधी दिली ते लंडन गॅझेटमध्ये निघतं, ते १६६५ पासूनचं आहे. इंग्लंडातल्या चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, सरकारी जन्ममृत्यू नोंद १८३७ पासून. स्कॉटलंडची मात्र १८५५ पासून. हिंदुस्थानात जन्मलेल्या-वारलेल्यांच्या चर्चनोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आमच्याकडे हेळवी येतो, चोपडी उघडून खापरपणज्यापर्यंत नावं वाचतो. त्यात बायका कमीच. बर्कमध्येही मुलगे आधी, मुली मागाहून, आणि कितीदा जन्मसालाशिवाय. तेव्हा मुलगी थोरली की धाकटी ते यादीवरून ठरवू नका, आणि तिला शोधायचं तर नवऱ्याच्या घराण्याचं पान काढा. डलहौसीची थोरली लेक सुझन मला अशीच मिळाली. १८६३ मध्ये रॉबर्ट बर्कशी (पुस्तकवाला बर्क नव्हे) लग्न. हा बर्क पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि मग लॉर्ड कॉनेमारा, चेन्नईतलं कॉनेमारा ग्रंथालय त्याच्याच नावाचं. १८९० मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. नात म्हणाली, "आता मालिका इथून सुरू कर." सध्या मी कॉनेमाराच्या पानावर आहे.