कापसाची पट्टी: जावास्क्रिप्टमध्ये एक किलो कुठे गळतो?

चोपडा, धरणगाव, पारोळा भागात कापसाची खेडा खरेदी सुरू झाली की मोबाइलवर पट्टी (विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी) काढणारं छोटं वेबपान फार कामाला येतं. वजन टाका, भाव टाका, हमाली वजा करा, निव्वळ रक्कम समोर. असं पान तासाभरात तयार होतं. पण त्यातली रक्कम शेतकऱ्याच्या हातात पडणार असते, तेव्हा आकडे कसे हाताळायचे ते आधी पक्कं करा.

समजा काट्यावर ४.३५ क्विंटल भरलं. किलो काढायला १०० ने गुणलं तर जावास्क्रिप्ट (वेबपानाचा हिशोब चालवणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) ४३५ देत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ देतं. त्यावर दशांशापुढचा भाग कापणारं मॅथ.फ्लोर() किंवा पार्सइंट() लावलं की उरले ४३४. भाव ७,२५० रुपये क्विंटल धरला, तर एका वजनामागे ७२.५० रुपये गेले, आणि पडद्यावर चूक झाल्याची कुठलीही खूण नाही.

कारण साधं आहे. जावास्क्रिप्टमधला नेहमीचा आकडा ६४ बिटांत, द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीनं साठवला जातो. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं तर ०.३३३… कधी संपत नाही, तसंच ४.३५ द्विमानात संपत नाही, शेपूट कापावंच लागतं.

म्हणून हिशोब पूर्ण आकड्यांतच करा: वजन किलोत, रक्कम पैशांत. जवळचा पूर्ण आकडा देणारं मॅथ.राउंड(४.३५ * १००) बरोबर ४३५ देतं. भाव ७,२५,००० पैसे. ४३५ गुणिले ७,२५,००० भागिले १००, म्हणजे ३१,५३,७५० पैसे, अर्थात ३१,५३७ रुपये ५० पैसे. भागाकारानंतर एकदाच राउंड करा आणि मग हमाली, तोलाई वजा करा. काटा अर्धा किलो दाखवत असेल तर वजन ग्रॅममध्ये घ्या.

दुसरा घोटाळा चौकटीतल्या मजकुराचा. चौकटीत टाकलेली किंमत (इनपुटची व्हॅल्यू) नेहमी मजकूर म्हणूनच येते. वजाबाकीत जावास्क्रिप्ट त्याचा आपोआप आकडा करतं, बेरजेत मात्र दोन मजकूर जोडतं. त्यामुळे हमाली नीट वजा होते, पण ४०० आणि ३५ किलोची दोन वजनं मिळवली की ४००३५ होतात! दोन दशांश स्थळं दाखवणारं टूफिक्स्ड(२) सुद्धा मजकूरच परत देतं, ते हिशोबाच्या मध्ये कधीच वापरू नका.

आकडा करायला नंबर() वापरा. पार्सफ्लोट() इथे घातक आहे: इंग्रजी अंकांत टाकलेल्या '७,२५०' मधल्या स्वल्पविरामाशी थांबून ते ७ रुपये भाव धरतं. नंबर() त्याच जागी नॅन ('हा आकडा नाही' अशी खूण) देतं, म्हणजे निदान चूक दिसते. मात्र रिकाम्या चौकटीचं नंबर() शून्य करतं, म्हणून रिकामी चौकट आधीच अडवा. नंतर खरा आकडाच आला ना, हे नंबर.इजफायनाइट() नं तपासा. एक नॅन शिरला की सगळी बेरीज नॅन होते.

आपल्याकडे मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकही टाकले जातात, आणि नंबर() ला ते कळत नाहीत, '४.३५' चं थेट नॅन. चौकट टेक्स्ट प्रकारची ठेवा, स्वल्पविराम काढा, आणि ० ते ९ या देवनागरी अंकांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत, त्यांतून २४०६ वजा करून इंग्रजी अंक बनवा. मजकुरातला नमुना शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली अंकाची खूण, बॅकस्लॅश-डी, देवनागरी अंक पकडत नाही, हेही ध्यानात असू द्या. कोडमध्ये स्वतः आकडे लिहिताना मात्र इंग्रजीच.

बँक खाते क्रमांक आणि गट नंबर हे आकडे नव्हेत, मजकूर म्हणूनच ठेवा. त्यांचा आकडा केला तर खात्याच्या सुरुवातीचं शून्य उडतं, ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे शेवटचे अंक बदलू शकतात, आणि पार्सइंट() लावलं तर गट ४५/२ चा ४५ होतो.

रक्कम दाखवताना पैशांना १०० नं भागून टूलोकेलस्ट्रिंग() ला 'एमआर-आयएन' (भारतातल्या मराठीचा संकेत) द्या, दशांश स्थळं किमान आणि कमाल दोन्ही २ ठेवा: ३१,५३७.५० असं लाखाच्या पद्धतीनं, देवनागरीत उमटतं. इंग्रजी अंक हवे असतील तर 'ईएन-आयएन'. पडद्यावरचा हा मजकूर पुन्हा हिशोबात घेऊ नका, पैशांचा मूळ आकडाच जपून ठेवा.

पान कुणाच्या हातात देण्याआधी चार नोंदी टाकून बघा: इंग्रजी अंकांत ४.३५, देवनागरीत ४.३५, स्वल्पविरामासह ७,२५०, आणि एक रिकामी चौकट. पहिल्या दोन्हींचे ४३५ किलो, तिसरीचे ७,२५,००० पैसे यायला हवेत, आणि चौथीला पानानं अडवायला हवं.