जुन्या पॉवर टिलरचा गिअर वावर पाहून कसा ठरवावा

विदर्भात पॉवर टिलरची, म्हणजे मागून हँडल धरून हाकायच्या दोन चाकी मशागतीच्या मशीनची, गाठ दोन अगदी वेगळ्या जमिनींशी पडते. अकोला, अमरावती, यवतमाळकडची काळी भारी जमीन वाफशावर, म्हणजे ओल बेताची असताना, सहज कापली जाते, पण चार दिवस ऊन लागले की तिचे ढेकूळ पावड्यालाही दाद देत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, आहेत आणि तिथे मशीन घोटाभर चिखलात हाकावे लागते. आमची शेती साकोलीकडे, बांध्यांची. मामांचे वावर वणीकडे, कापसाचे. एकच जुना टिलर आम्ही बरीच वर्षे दोन्हीकडे वापरला. त्या वापरातून जे कळले ते, ज्यांच्या घरी असे जुने मशीन आहे किंवा जे ते विकत घेण्याच्या विचारात आहेत अशा कास्तकारांसाठी, क्रमाने लिहीत आहे.

आपल्याकडचे जुने टिलर मुख्यतः जपानी आराखड्याचे आहेत. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीची सुरुवात १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने झाली आणि केरळातील अथाणीच्या कामको या १९७३ साली स्थापन झालेल्या कंपनीने कुबोटाचा आराखडा घेतला. हे आराखडे लहान, ओल्या भातखाचरांचा विचार करून केलेले होते. म्हणून बांधीत हे मशीन आपल्या घरचे वाटते, परंतु काळ्या जमिनीत त्याचा गिअर समजून घ्यावा लागतो.

इंजिनची ताकद चाकापर्यंत कशी पोचते ते आधी ध्यानात घ्यावे. इंजिनच्या पुलीवरून बेल्ट मुख्य क्लचकडे जातात, तिथून ताकद गिअर बॉक्समध्ये येते, मग डाव्या-उजव्या वळणाच्या क्लचमधून ती दोन्ही चाकांना मिळते. रोटरीच्या, म्हणजे मागच्या बाजूला फिरत माती कापणाऱ्या औजाराच्या, पात्यांना ताकद गिअर बॉक्समधूनच, पण वेगळ्या वाटेने जाते. पेटी न उघडता वेगाचे प्रमाण बदलण्याच्या जागा म्हणजे गिअरचा दांडा, इंजिनची पुली आणि चाकाचा व्यास. यांपैकी कोणत्या जागेला केव्हा हात लावावा, हे ठरवणे म्हणजेच गिअर निवडणे होय.

पहिले काम तपासणीचे. गिअर बॉक्सचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसत असेल तर एक्सलच्या सीलमधून बांधीचे पाणी आत शिरलेले आहे आणि सील बदलल्याशिवाय पुढचा सर्व खटाटोप व्यर्थ आहे. भार आल्यावर एखादा गिअर आपोआप निसटत असेल तर त्या गिअरचा काटा, गोळी-स्प्रिंग किंवा दात्यांच्या कडा झिजलेल्या असतात. जुन्या मशीनमध्ये नेमका रोजच्या कामाचा गिअर सर्वांत जास्त झिजलेला असतो, म्हणून विकत घेताना तोच गिअर भारावर चालवून पाहावा.

दुसरे काम मोजणीचे. मशीनसोबतचे पुस्तक बहुधा हरवलेले असते, आणि सापडले तरी मधल्या काळात कोणी पुली बदलली असेल तर त्यातील आकडे लागू पडत नाहीत. म्हणून स्वतः मोजावे. इंजिन बंद करून डिझेलचा कॉक बंद करावा, दोन्ही चाके लाकडी ठोकळ्यांवर उचलावीत आणि मशीन डोलत नाही याची खात्री करावी. एका चाकावर व फ्लायव्हीलवर (इंजिनच्या जड फिरत्या चाकावर) खडूने खूण करावी. पहिला गिअर टाकून मुख्य क्लच जोडलेला ठेवावा. मग एकाने डिकॉम्प्रेशनचा (इंजिनातला हवेचा दाब सोडणारा) लिव्हर दाबून धरावा आणि दुसऱ्याने फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. चाकाचा एक फेरा पुरा होईपर्यंत फ्लायव्हीलचे किती फेरे झाले, तो त्या गिअरचा आकडा. फेरे फ्लायव्हीलचेच मोजावेत, इंजिन सुरू करायच्या हँडलचे नव्हे, कारण काही इंजिनांत हँडल वेगळ्या दात्यांवरून फिरते आणि हिशेब निम्म्याने चुकतो. मोठ्या गिअरमध्ये आकडा लहान येतो, म्हणून तिथे चाकाचे पाच फेरे घेऊन भागाकार करावा. डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असलेल्या मशीनमध्ये एकच चाक उचलले तर ते दुप्पट फिरते. हा धोका टाळण्यासाठी दोन्ही चाके उचलावीत आणि ती सारखीच फिरत आहेत ना, तेही पाहावे. असेच रोटरी जोडून, पात्यांच्या दांड्याच्या एका फेऱ्याला फ्लायव्हीलचे किती फेरे होतात, तेही मोजून ठेवावे.

चाकाचा घेर जमिनीवरच मोजावा. टायरमध्ये नेहमीची हवा ठेवून मशीन कडक जमिनीवर सरळ ढकलावे आणि पाच फेऱ्यांत कापलेले अंतर टेपने मोजावे. जुन्या टिलरला बहुधा दिसणाऱ्या ६.००-१२ मापाच्या टायरला ते साधारण साडेनऊ मीटर भरते, म्हणजे एका फेऱ्याला १.९ मीटर. आता हिशेब सोपा आहे. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल आणि गिअरचा आकडा १०० आला असेल, तर चाक मिनिटाला २० फेरे फिरेल आणि मशीन ३८ मीटर पुढे जाईल. तासाला हे सुमारे २.३ किलोमीटर होतात. आकडा १९० असेल तर मिनिटाला २० मीटर, म्हणजे तासाला १.२ किलोमीटर. मोकळ्या झालेल्या मातीत मशीनमागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला माझ्या अनुभवाने ताशी दोन ते अडीच किलोमीटर जमतात. त्यापेक्षा वेग जास्त ठेवला की दुपारनंतर पाय लटपटतात आणि तास वाकडे जातात.

आता रोटरीचा प्रश्न, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण ढेकळे मोठी का निघतात याचे उत्तर इथेच आहे. एका पात्याने मातीत मारलेला घाव आणि त्याच पट्ट्यातून जाणाऱ्या पुढच्या पात्याचा घाव, यांमध्ये मशीन जितके पुढे सरकते तितकी जाड माती प्रत्येक पाते कापते. रोटरी मिनिटाला २०० फेरे फिरते आणि एका पट्ट्यातून दोन पाती जातात असे धरले, तर मिनिटाला ४०० घाव पडतात. मशीन मिनिटाला ३८ मीटर चालत असेल तर प्रत्येक घाव साडेनऊ सेंटिमीटर जाड निघेल. तेच २० मीटर चालत असेल तर पाच सेंटिमीटर. काळ्या जमिनीत साडेनऊ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे उन्हात वाळून बसलेले ढेकूळ. त्यावर सोयाबीन पेरले तर बी पोकळीत पडते. धानाच्या बांधीत मात्र दुसऱ्या पाळीला एवढा जाड घाव चालतो, कारण पाणी आणि केज व्हील (चिखलासाठीचे पिंजऱ्यासारखे लोखंडी चाक) मिळून तो विरघळवतात.

यावरून एक गोष्ट ठाम सांगता येते. ढेकळे मोठी निघतात म्हणून पुली बदलणे किंवा थ्रॉटल कमी-जास्त करणे व्यर्थ आहे, कारण त्यामुळे चाके आणि पाती दोन्ही सारख्याच प्रमाणात बदलतात आणि घावाची जाडी तेवढीच राहते. ती बदलायची असेल तर चाकांचा गिअर बदलावा किंवा रोटरीचा वेगळा वेग-दांडा असेल तर तो बदलावा.

कडक जमिनीत खालचा गिअर घेण्याचे आणखी एक कारण आहे, जे पहिल्यांदा टिलर धरणाऱ्याला कोणी सांगत नाही. रोटरी चाकांच्याच दिशेने फिरते. माती मऊ असेल तर पाती आत शिरतात, पण कडक असेल तर ती जमिनीवर चढतात आणि सगळे मशीन पुढे ढकलतात, तेव्हा हँडल हातातून सुटू पाहते. त्या क्षणी खालच्या गिअरमधले चाकच मशीनला मागे धरून ठेवते. म्हणून मामांच्या वावरात आम्ही पहिली पाळी नेहमी पहिल्या गिअरमध्ये आणि कमी खोलीवर घेत होतो. एवढे करूनही मशीन उसळत असेल तर गिअर बरोबर आहे आणि वाफसा चुकला आहे असे समजून काम थांबवावे.

वखर, नांगर किंवा डवरा ओढायचा असेल तर चाकाची घसरण मोजावी. मोकळे मशीन दहा फेऱ्यांत १९ मीटर जात असेल आणि औजार लावल्यावर साडेपंधरा मीटरच जात असेल, तर साडेतीन मीटर, म्हणजे सुमारे १८ टक्के, घसरणीत गेले. १५ टक्क्यांच्या आसपास चालते. २५ च्या वर गेले की डिझेल आणि टायर दोन्ही जळतात. घसरणीवर आणखी खालचा गिअर हा उपाय नाही. चाकाची पकड संपलेली असताना जास्त ताकद दिली तर ते अधिकच फिरते. अशा वेळी चाकांवर वजन टाकावे, औजाराची खोली कमी करावी किंवा लोखंडी चाके लावावीत.

लोखंडी चाकांचा व्यास टायरपेक्षा मोठा असेल तर गिअरही बदलतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ६४ सेंटिमीटरच्या टायरऐवजी ८० सेंटिमीटरचे केज व्हील लावले तर त्याच गिअरमध्ये वेग सव्वापट होतो आणि चाकाची ओढ पाचव्या भागाने कमी होते. म्हणून चिखलणीला केज व्हील लावल्यावर पहिली पाळी टायरच्या हिशेबापेक्षा एक गिअर खाली घ्यावी. दुसऱ्या पाळीला एक गिअर वर चढवण्यास हरकत नाही, किंबहुना चढवावाच, कारण मऊ चिखलात फार हळू चालल्यास रोटरी एकाच जागी खोल खणत राहते आणि मशीन पोटावर बसते.

पुली बदलण्याबाबत मी स्वतः भोगले आहे. ट्रॉलीला वेग मिळावा म्हणून एका दुकानात सांगितल्यावरून आम्ही इंजिनची १२ सेंटिमीटरची पुली काढून १४ ची बसवली. ट्रॉली खरोखर पळू लागली. पण रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरल्यावर पहिला गिअरदेखील सुमारे १७ टक्के वेगवान झालेला होता, इंजिन दम टाकू लागले आणि ते बंद पडू नये म्हणून मी मुख्य क्लच अर्धवट सोडून काम रेटत राहिलो. तिसऱ्या दिवशी क्लचच्या प्लेटा करपल्या. तो वास आजही आठवतो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून ठेवलेले होते आणि शेजारच्यांचे बैल मागून रोवणी पुरी करावी लागली. म्हणून माझे मत स्पष्ट आहे की मूळ मापाची पुली ठेवावी आणि पूर्वीच्या मालकाने ती बदलली असेल तर परत आणावी. पुली मोजताना कडेचा व्यास न घेता बेल्ट जिथे बसतो तिथला घ्यावा. लहान पुली लावून ओढ वाढवण्याचा मोहही टाळावा. तिच्यावर बेल्टची मिठी कमी पडते, बेल्ट घसरून जळतात आणि गिअरच्या दात्यांवर ते ज्यासाठी बनलेले नाहीत असा भार येतो.

कापसात डवरणी करायची असेल तर गिअरच्या आधी चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजावी. तीन फुटांच्या ओळीत पऱ्हाटी फांद्या पसरू लागली की बारा अश्वशक्तीचे मशीन अडचणीचे ठरते. चार फुटांच्या ओळीत ते दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चालते.

ट्रॉलीसाठी वरचे गिअर आहेतच, पण हे गिअर चालत्या मशीनवर बदलू नयेत. मशीन थांबवावे, क्लच पुरता सोडावा आणि मग दांडा हलवावा, नाहीतर दात्यांच्या कडा उडतात. नाल्याच्या उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन जाताना गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच खाली आणावा आणि मधेच न्यूट्रल करू नये. अशा उतारावर वळणाचा क्लचही उलटा वागतो, कारण सोडलेले चाक मोकळे होऊन जोरात धावते आणि इंजिनने धरलेले चाक मागे राहते. म्हणून डावा लिव्हर दाबला तर मशीन उजवीकडे वळते. तिथे लिव्हरला हात न लावता हँडल अंगाने वळवावे, आणि नव्याने टिलर धरणाऱ्याला हा प्रकार आधी रिकाम्या मशीनवर, कमी उतारावर, दाखवून द्यावा.