बुरशीतल्या संकराचा अभ्यास करताना या चुका टाळा

वनस्पती रोगशास्त्राच्या सेमिनारमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "नवी रेस (रोगकारक बुरशीचा उपप्रकार) आली, म्हणजे म्युटेशन (जनुकातला आपसूक बदल) झालं." पुष्कळदा ते खरंही असतं. पण या सवयीपायी संकराची शक्यता कुणी तपासतच नाही, आणि रोगाचा अर्धा इतिहास हातातून निसटतो.

लैंगिक अवस्था नाही, म्हणजे संकर नाही असं मानणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. १९९८ साली युगांडातल्या कलेंगेरे संशोधन केंद्रावर एसआर३१ जनुक असलेल्या गव्हावर काळा तांबेरा हा बुरशीचा रोग दिसला. हे जनुक राय या धान्यातून गव्हात आणलेलं, आणि त्याच्या भरवशावर जगभर वाण लावले जात होते. या रेसचं नाव पडलं यूजी९९. ती कशी जन्मली याचा उलगडा व्हायला २०१९ उजाडलं.

तांबेऱ्याच्या विटकरी बीजाणूत दोन केंद्रकं असतात आणि ती एकमेकांत न मिसळता शेजारी नांदतात. यूजी९९चं एक केंद्रक ऑस्ट्रेलियात १९५४ मध्ये सापडलेल्या रेस २१च्या एका केंद्रकाशी जवळजवळ हुबेहूब जुळलं. दुसरं मात्र साफ वेगळं निघालं. लैंगिक संकर झाला असता, तर गुणसूत्रांच्या तुकड्यांची सरमिसळ दिसली असती. इथे अख्खं केंद्रकच या घरातून त्या घरात गेलं होतं. दोन तांबेऱ्यांचे कवकतंतू (बुरशीचे धागे) एकाच झाडात जुळले आणि केंद्रकांची देवाणघेवाण झाली, असाच याचा अर्थ लागतो.

आपल्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. काळ्या तांबेऱ्याचं लैंगिक चक्र दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांवर पूर्ण होतं, आणि भारतात या रोगाच्या फैलावात त्या झुडपांचा वाटा मानला जात नाही. इथे तांबेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत तग धरतो व वाऱ्यावर उत्तरेकडे सरकतो. एवढ्यावरून "इथे संकराचा प्रश्न उद्भवत नाही" असं प्रबंधात लिहू नका. दोन रेस एकाच ताटावर वाढत असतील, तर वाट मोकळी आहे.

दुहेरी शिखरं दिसली की नमुना फेकून देणं

सिक्वेन्सिंगचा क्रोमॅटोग्राम (डीएनएची अक्षरं रंगीत शिखरांनी दाखवणारा आलेख) उघडला, आणि सी या अक्षराच्या निळ्या शिखराच्या पोटात टीचं लाल शिखर दिसलं, की पहिला विचार येतो भेसळीचा. तो यायलाच हवा. पण फाइल डिलीट करण्याआधी एका बीजाणूपासून संवर्धन पुन्हा करा. दुहेरी शिखरं नाहीशी झाली, तर भेसळ होती. त्याच त्या जागी पुन्हा आली, तर पीसीआरने वाढवलेला डीएनएचा तुकडा क्लोन करून दोन्ही प्रती वेगळ्या वाचा, आणि फ्लो सायटोमेट्रीने पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजा. तांबेऱ्याबाबत मात्र ही चाचणी अपुरी आहे, कारण तिथे एका बीजाणूतच दोन केंद्रकं असतात. दुहेरी शिखरं तिथे मुळातच अपेक्षित आहेत.

उलट फसगतही होते. आयटीएस (बुरशी ओळखण्यासाठी वाचतात तो रायबोसोमच्या जनुकांमधला डीएनएचा तुकडा) स्वच्छ आला म्हणजे संकर नाही, हेही खरं नव्हे. रायबोसोमच्या जनुकांच्या शेकडो प्रती काळाच्या ओघात एकसारख्या होतात आणि एकाच पालकाची खूण उरू शकते.

संकर म्हणजे खेचर, पुढे वंश नाही, ही समजूतही सोडा. मोहरीवर्गीय पिकांवरची व्हर्टिसिलियम लाँगिस्पोरम ही बुरशी किमान तीन वेगवेगळ्या संकरांतून जन्मली. तिची लैंगिक अवस्था माहीत नाही, तरी ती पसरतेच. बुरशीला वंश वाढवायला जोडीदार लागतोच असं नाही.

वर्गीकरणाची एक चूक चटकन सांगतो. अल्डर वृक्ष मारणारा फायटोफ्थोरा हे संकराचं नामांकित उदाहरण, पण तो खरी बुरशी नव्हे, ऊमायसीट (बुरशीसारखा दिसणारा, पण वेगळ्या वंशाचा जीव) आहे. द्राक्षबागेत हाच भेद भुरी आणि केवड्यात आहे: भुरी बुरशीची, केवडा ऊमायसीटचा.

एकाच जनुकावर निकाल देणं

ट्रिटिकेल हे गहू आणि राय यांच्या संकरातून माणसाने तयार केलेलं पीक. १९६० च्या दशकापासून ते शेतात आहे आणि भुरीला बराच काळ दाद देत नव्हतं. २००१ मध्ये युरोपात त्यावर भुरी आली. २०१६ साली जीनोम वाचल्यावर दिसलं, की ही भुरी गव्हावरच्या आणि रायवरच्या भुरीचा संकर आहे. पिकाचा संकर झाला, आणि त्यामागोमाग रोगाचाही! तिच्या जीनोमचा १२.५ टक्के भाग रायवरच्या भुरीकडून आलेला, बाकी सगळा गव्हावरच्या भुरीचा.

१२.५ टक्के म्हणजे आठातला एक हिस्सा. कुणी एकच जनुक वाचलं असतं, तर आठपैकी साधारण सात वेळा "ही गव्हावरचीच भुरी" असा निकाल आला असता. म्हणून वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची, एकेकच प्रत असलेली अनेक जनुकं घ्या आणि प्रत्येकाचा वंशवृक्ष वेगळा काढा. सगळी जोडून एकच झाड काढण्याची घाई करू नका. जिथे दोन झाडं एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेच थांबून पाहा.