उंदरांच्या अँटिबॉडीवर काम सुरू करताना

इम्युनॉलॉजीत (रोगप्रतिकारशास्त्रात) पीएचडीला आलेल्या मुलांना कुठले उंदीर घेतलेस म्हणून विचारलं, की उत्तर बहुधा येतं, "अ‍ॅनिमल हाऊसला होते ते." इतर कामात एखादवेळी चालून जाईल. अँटिबॉडी (परक्या पदार्थाला चिकटणारी, रक्तातली संरक्षक प्रथिनं) मोजायच्या असतील तर मात्र स्ट्रेन, म्हणजे उंदरांची जात, हा प्रयोगाचा अर्धा भाग आहे.

१९६५ मध्ये मॅकडेव्हिट आणि सेला यांनी एक कृत्रिम पॉलिपेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) उंदरांना टोचलं. सी-५७ जातीच्या उंदरांनी भरपूर अँटिबॉडी केल्या, सीबीए जातीने अगदीच थोड्या. पुढे त्याच पेप्टाइडमध्ये टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडिन घातलं, तर पारडं फिरलं: सीबीए वर, सी-५७ खाली. म्हणजे "ही जात अँटिबॉडी जास्त करते" असं सरसकट म्हणता येत नाही, कशाविरुद्ध ते आधी सांगावं लागतं. हा फरक १७व्या क्रोमोसोमवरच्या एच-२ भागाशी जोडलेला निघाला. तिथल्या जीनमधून एमएचसी रेणू बनतात, ते पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड धरून दाखवतात. त्यावर पेप्टाइड नीट बसलं नाही तर टी पेशीला ते दिसत नाही, आणि तिची मदत न मिळाल्याने अँटिबॉडी बनवणारी बी पेशी अडून राहते.

पण सगळं एच-२वर ढकलू नका. पॅरिसमध्ये बिओझींनी मेंढीच्या तांबड्या पेशी टोचून जास्त अँटिबॉडी करणाऱ्यांची आपसात आणि कमी करणाऱ्यांची आपसात पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली. दोन घराणी स्पष्ट वेगळी झाली, आणि त्यामागे एक नव्हे, अनेक जीन निघाले.

आता बेंचवरची गोष्ट. एलायझाची प्लेट (अँटिबॉडी रंगावरून मोजायची चाचणी; छोट्या खळग्यांना वेल म्हणतात): वरच्या ओळींत बाल्ब-सी जातीचं सीरम, खालच्या ओळींत ब्लॅक-सिक्सचं (सी-५७ मधलीच एक जात). स्टॉप सोल्युशन घातलं, वरच्या वेल पिवळ्याधमक, खालच्या जवळजवळ कोऱ्या. नवा मुलगा खुशीत: ब्लॅक-सिक्समध्ये आयजीजी-२ए (अँटिबॉडीचा एक प्रकार) नाही! बरोबर आहे, नसतंच. त्यांच्याकडे त्या जागी आयजीजी-२सीचा जीन आहे. नेमकी २ए ओळखणारी सेकंडरी अँटिबॉडी (उंदराच्या अँटिबॉडीला चिकटून रंग देणारी) घेतली तर तिला दिसणार काय? मला विचाराल तर या क्षेत्रातला सगळ्यात फसवा "निकाल" हाच. कॅटलॉगमध्ये २सी शोधा, नाहीतर एकूण आयजीजी मोजा.

सीबीए-एन या जातीची वेगळीच भानगड. एक्स क्रोमोसोमवरच्या बीटीके जीनमध्ये बिघाड असल्याने न्यूमोकॉकस या जिवाणूच्या पॉलिसॅकराइडला (साखरेच्या साखळीला) हे उंदीर जेमतेम प्रतिसाद देतात. बिघाड एक्सवर असल्याने संकर करताना आई कुठल्या जातीची ते लिहून ठेवायलाच हवं. नर पिल्लांना एकुलता एक्स आईकडूनच मिळतो, त्यामुळे त्यांचं सगळं गणित तिच्यावर आहे.

आणि जीनचं नाव घेण्याआधी पिंजरे बघा. एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळे त्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होतात, आणि जिवाणूंप्रमाणे आयजीए (आतड्यातली मुख्य अँटिबॉडी) बदलतं. नॉकआउट (एखादा जीन बंद केलेले) उंदीर एका पिंजऱ्यात आणि विकत आणलेले वाइल्ड-टाइप (जीन शाबूत असलेले) दुसऱ्यात, अशी तुलना रिव्ह्यूअर पहिल्याच फेरीत उडवून लावतो. एकाच वेतातली पिल्लं वापरा, नर-मादी वेगळे मोजा, वय जुळवा.

हे सगळं प्राणी नैतिकता समितीच्या अर्जाआधी गाईडसोबत ठरवा. स्ट्रेन आणि संख्या दोन्हींचं कारण तिथे लिहून द्यावं लागतं, आणि मंजुरीनंतर स्ट्रेन बदलायची तर पुन्हा समितीच्या बैठकीची वाट बघा.