द्यावं लागलं आणि देणं लागतो

ज्युरिसप्रुडन्सचा, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाचा, पेपर गाइडवर निघतो, ही सीनियरांची शिकवण मी इमानेइतबारे पाळली. सकाळी ठाण्यात कॉलेज, मग वागळे इस्टेटमध्ये नोकरी. एच. एल. ए. हार्ट हा इंग्रज कायदेतज्ज्ञ म्हणजे माझ्या लेखी पाच मुद्द्यांचं एक उत्तर होतं.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "चाकू दाखवून पैसे मागणारा आणि स्टेशनवर दंड मागणारा टीसी, फरक काय?" मी म्हणालो, "टीसी पावती देतो." सगळे हसले, सर नाही. म्हणाले, "पावती देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला, तेवढं शोध."

तो शोध मला हार्टच्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' या पुस्तकापर्यंत (१९६१) घेऊन गेला. एकोणिसाव्या शतकातल्या जॉन ऑस्टिन या कायदेपंडिताच्या मते कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि तिच्यामागे शिक्षेची धमकी. हार्ट म्हणतो, मग लुटारू आणि सरकार यांत फरक उरला कुठे? लुटारूला पैसे द्यावे लागतात, पण आपण त्याचं देणं लागत नाही. (इंग्रजीत हे समजावायला त्याला पानं खर्चावी लागली, आपल्याकडे एका 'लागणे'त काम होतं.) टीसीच्या मागे नियम असतो, आणि नियम कुणी करायचे, कसे बदलायचे, वाद कुणी मिटवायचे हे ठरवणारे दुसऱ्या पातळीचे नियमही असतात. त्या सगळ्यांच्या तळाशी ओळखीचा नियम: अमुक गोष्ट कायदा आहे हे कशावरून ओळखायचं.

हा माणूस प्राध्यापक होण्याआधी आठेक वर्षं वकिली करत होता, १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या ज्युरिसप्रुडन्सच्या अध्यासनावर (प्राध्यापकपदावर) आला. म्हणूनच बहुधा त्याची उदाहरणं जमिनीवरची आहेत. त्याचा दबदबा एवढा की पुढच्या पिढीला त्याच्याशी भांडूनच नाव कमवावं लागलं. हार्टच्याच पिढीतला अमेरिकी कायदेपंडित लॉन फुलर पुस्तकाच्याही आधी, १९५८ मध्ये, हार्टच्या एका लेखावरून भिडला. रोनाल्ड ड्वॉर्किन हा तरुण अमेरिकी तर हार्टवर टीका करून त्याच्याच अध्यासनावर बसला, आणि ती निवड हार्टलाही पसंत होती! ड्वॉर्किनला दिलेलं उत्तर हार्टच्या मृत्यूनंतर, १९९४ च्या आवृत्तीत छापून आलं.

नव्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करू नये, कंटाळाल. दुसरं प्रकरण, मग थेट पाचवं, मग सातवं. त्याआधी हार्टचा तो १९५८ चा लेख. 'उद्यानात वाहनांना बंदी' हे प्रसिद्ध उदाहरण त्यातच आहे: मोटार नको हे उघड, पण सायकल? खेळण्यातली गाडी? शब्दाचा गाभा स्पष्ट असतो, कडेला धूसर. फुलरने विचारलं, युद्धात वापरलेला ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर ठेवला तर?

आमच्या घराजवळच्या बागेच्या फाटकावर तशीच पाटी आहे. परवा वॉचमनने एका पोराची सायकल अडवली आणि मागून आलेल्या आजोबांची व्हीलचेअर स्वतः ढकलत आत नेली. तिलाही चाकं आहेत की, मी मुद्दाम म्हटलं.

"साहेब," तो म्हणाला, "ती खुर्ची आहे."