आधी सॉकेट, मग ब्लेड: कृत्रिम पायावर पहिले पाच किलोमीटर

मी शिवणकाम करते. कपडा अंगावर नीट बसलाय की नाही हे मला समोरच्याच्या चालण्यावरून कळतं. पण माझ्याच कृत्रिम पायाच्या सॉकेटचं माप चुकलंय हे कळायला मला सात महिने लागले. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. पळायला लागलं की दहाव्या मिनिटाला नडगीच्या टोकाशी आग सुरू व्हायची आणि मी म्हणायचे, आपल्यातच दम नाही. एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या डोक्यात आलं, बाही दाटली तर आपण गिऱ्हाइकाचा दंड कापतो का? शिलाई उसवतो.

कृत्रिम पायावर पळणाऱ्या आमच्या गटात आम्ही नऊ जण आहोत. नवीन आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न ब्लेडचा विचारतो: कुठली घ्यावी, किती वेगाने पळता येतं. ब्लेड म्हणजे पळण्यासाठीचं, वाकणारं कार्बन फायबरचं पाऊल. तिच्याकडे शेवटी येऊ.

स्टंप म्हणजे पायाचा उरलेला भाग, आणि तो ज्यात बसतो तो कडक पेला म्हणजे सॉकेट. पळताना अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पायावर येतो आणि तो सगळा या पेल्यातून जातो. गुडघ्याच्या वाटीखालचा मऊ भाग हा भार सोसतो. नडगीची धार, तिचं खालचं टोक आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाडाचं डोकं, या जागा सोसत नाहीत. दुखतंय कुठे हे प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्याला, नुसतं बोटाने दाखवू नका. दुखऱ्या जागेवर लायनरवरून (स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणावरून) लिपस्टिकचा ठिपका द्या, सॉकेट चढवा, चार पावलं चाला आणि काढा. डाग सॉकेटच्या आत जिथे उमटेल तिथे प्रोस्थेटिस्टने घासायचं. शिंपी खडूने खूण करतो, तसंच. आमच्यातल्या निवृत्त काकांनी दुकानात लिपस्टिक मागितली तेव्हा विक्रेतीने कुठला रंग विचारला. काका म्हणाले, "दुखऱ्या जागेला कुठलाही चालेल."

पळायला सुरुवात करायच्या आधी डॉक्टर आणि प्रोस्थेटिस्ट, दोघांचा होकार घ्या. जखम पूर्ण भरलेली हवी आणि स्टंपचा आकार स्थिरावलेला हवा. माझी स्वतःची कसोटी सोपी आहे: रोजच्या पायावर अर्धा तास झपझप चालून आल्यावर लायनर काढला आणि त्वचेवरची लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली, तर पुढे जा. गेली नाही तर सॉकेट दाखवा. स्टंपची मागची बाजू दिसत नाही म्हणून छोटा आरसा जवळ ठेवा. फोड आला असेल तर त्या दिवशी पाय चढवायचाच नाही. "थोडंसंच आहे" म्हणत मी एकदा चढवला आणि तीन आठवडे कुबड्यांवर काढले.

मोज्यांचा हिशोब

स्टंप दिवसभर एकाच मापाचा राहत नाही. सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा, पळून झाल्यावर आणखी बारीक. ही कसर मोज्यांनी भरून काढायची. ते एकपदरी, तीनपदरी, पाचपदरी असे मिळतात. तुमचा पाय पिनवाला असेल, म्हणजे लायनरच्या टोकाची पिन सॉकेटच्या तळाशी अडकत असेल, तर चढवताना होणारी टिकटिक मोजा. माझ्या पायात सकाळी सात टिकटिकी वाजतात. पाचच वाजल्या तर स्टंप सुजलाय किंवा मोजे जास्त झालेत. नऊ वाजल्या तर तो आत बुडतोय, एक मोजा वाढवायचा. पिन नसेल तर खुणेची जागा वेगळी: स्टंपच्या तळाशी दाब जाणवायला लागला, किंवा सॉकेटची कड गुडघ्याच्या वाटीला टोचू लागली, की समजा खाली घसरलात.

घाम हा दुसरा शत्रू. लायनर घाम शोषत नाही. तो आतच साठतो आणि पाय फिरायला लागतो. मी वीस मिनिटांनी थांबते, बाकावर बसते, पाय काढते, स्टंप आणि लायनर दोन्ही कोरडे पुसते आणि पुन्हा चढवते. यात चार मिनिटं जातात. सुरुवातीला ती मला वाया गेल्यासारखी वाटायची. आता घड्याळात ती धरूनच वेळ लावते. रात्री लायनर बिनवासाच्या सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. घाम फारच येत असेल तर रात्री लावायची घामरोधक औषधं असतात, पण ती त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच.

पळणं

पहिले दोन महिने पळण्यापेक्षा ताकदीवर घालवा. पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून पाय वर नेणं, पोटाचे व्यायाम. घोटा नसला की त्याचं काम कंबर आणि नितंब करतात, आणि ते कमजोर असतील तर धड दर पावलाला बाजूला कलतं. दुसरा, चांगला पाय विसरू नका. तो बिचारा दोघांचं काम करतो. माझ्या उजव्या टाचेने संप पुकारला तेव्हा मला त्याची आठवण झाली.

पडायलाही शिका. जाड गादीवर, गुडघे वाकवून, हात ताठ न ठेवता, कुशीवर. आणि उठायला शिका, कोणाचा हात न धरता. हे आम्ही नव्यांना पहिल्याच दिवशी करायला लावतो. एकदा पडून उठलेला माणूस पुढे निम्मं कमी घाबरतो.

मग जागेवर पावलं. कृत्रिम पाय आपण घाबरत घाबरत "ठेवतो". त्याला खाली दाबायला शिका, जसा शिवणयंत्राचा पायटा दाबतो तसा, सरळ खाली आणि मग मागे. कान उघडे ठेवा. दोन्ही पावलांचा आवाज सारख्या अंतराने आला पाहिजे. टप-टप, टप-टप ठीक. टप… टपटप… टप ऐकू आलं तर चांगल्या पायावर पळ काढताय. मला वाटायचं मी छान पळते. गटातल्या कॉलेजातल्या मुलीने मोबाइलवर आवाज टिपून ऐकवला तेव्हा लाज वाटली.

वेळापत्रक असं ठेवलं: आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. त्वचेची तक्रार नसेल तरच पुढच्या आठवड्यात पळण्यात अर्धा मिनिट वाढवायचा. दम आहे म्हणून वाढवू नका, दम त्वचेच्या पुढे धावतो. मला सलग पाच किलोमीटरला पाच महिने लागले. त्या काकांना अकरा, आणि त्यांचा पाय गुडघ्यावर गेलेला आहे. गुडघ्यावरच्यांना मेहनत खूपच जास्त पडते, त्यांनी आपली तुलना माझ्यासारखीशी करू नये.

टेरी फॉक्स नावाचा कॅनेडियन मुलगा 1980 साली कॅन्सरच्या संशोधनासाठी निधी जमवायला देश ओलांडत पळाला. कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्यावर काढलेला होता. तेव्हा पळण्याचे पाय नव्हते. चालण्याचा पाय पुढे यायला उशीर करायचा, म्हणून तो चांगल्या पायावर दोनदा उडी मारायचा. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ रोज एक मॅरेथॉन. कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून त्याला थांबावं लागलं. ही गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. पण नव्या मुलांना ती सांगताना मी एक वाक्य जोडते: त्याच्या स्टंपमधून रक्त यायचं, तेवढं मात्र घेऊ नका.

जमीन सपाट निवडा. गवत मऊ असतं पण खड्डे लपवतं. उतार चढापेक्षा वाईट, कारण कृत्रिम घोटा उताराप्रमाणे वाकत नाही. गोल ट्रॅकवर घड्याळाच्या उलट पळतात, त्यामुळे डावा पाय आतल्या बाजूला येतो. माझा नेमका तोच. वळणावर वेग जातो आणि सॉकेट बाहेरच्या बाजूने दाबतं. हे माझं रडगाणं नाही, कृत्रिम पाय वळणाच्या आत आला की वेग घटतो हे अभ्यासकांनीही मोजलं आहे. सरावाला म्हणून मी एक दिवस सुलट, एक दिवस उलट पळते, अर्थात ट्रॅक रिकामा असेल तेव्हा.

आता ब्लेड

1976 साली वॉटर-स्कीइंग करताना व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तरुणाचा एक पाय गुडघ्याखाली गेला. मिळालेला पाय त्याला पटेना, म्हणून पाय बनवायचं शास्त्र शिकून त्याने कार्बन फायबरचं वाकणारं पाऊल तयार केलं. आजची ब्लेड त्याच घराण्यातली. तिच्यात मोटर नसते. तुम्ही दाबाल तेवढंच ती परत देते, तेही थोडं कमी करून. दाबायला शिकल्याशिवाय ब्लेड घेतली तर ती नुसती लांब काठी.

ब्लेडचा कडकपणा तुमच्या वजनावर आणि पळण्यावर ठरतो. वजन पाच-सहा किलोने बदललं तर सांगा, लपवू नका. भाराखाली ती दबते म्हणून उभं असताना थोडी लांब ठेवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी कंबर वाकडी झाल्यासारखी वाटते. आणि तिला टाच नसते. स्थिर उभं राहता येत नाही, सारखं डुलावं लागतं. रोजचा पाय पिशवीत बरोबर घ्या. दर वेळी निघताना बोल्ट आणि खालचा रबरी तळ बघा.

ब्लेडचंच सगळं श्रेय म्हणणाऱ्यांना मी मार्कुस रेहमचं नाव सांगते. हा जर्मन लांबउडीपटू ब्लेडवरूनच उडी घेतो. 2023 मध्ये त्याने 8.72 मीटर उडी मारली. टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्णपदक 8.41 मीटरला गेलं होतं. ब्लेडमुळे त्याला फायदा होतो का यावर वाद आहे, चालू दे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की हा माणूस स्वतः प्रशिक्षित प्रोस्थेटिस्ट आहे. आमच्याच धंद्यातला म्हणायचा, मापं घेणारा.

बाक

गट कसा जमवायचा, असं लोक विचारतात. आमचा एका बाकावर जमला. मी पाय पुसायला बसायचे, काका त्याच कामासाठी बसायचे. तिसरी ती कॉलेजची मुलगी. ती लांब उभी राहून बघायची, पण चारचौघांत पाय काढायला तयार नव्हती. आम्ही बोलावलं नाही. चौथ्या आठवड्यात ती येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडे जास्तीचा मोजा आहे?"

नियम दोनच. पाय कसा गेला हे कोणी विचारायचं नाही, ज्याला सांगायचं तो सांगतो. आणि बाकावरची पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी बसायचं, पळणाऱ्यांनी आणि आज न पळणाऱ्यांनीही. नसलेल्या पायाची बोटं रात्री कशी वळतात, हे घरी सांगितलं तर घरचे घाबरतात. इथे कोणीतरी "माझा तर अंगठा खाजतो" म्हणतं आणि हसू येतं. त्रास जास्त असेल तर आरशासमोर चांगला पाय हलवायचा उपचार असतो, काहींना गुण येतो, फिजिओथेरपिस्टला विचारा.

सामायिक पिशवीत अ‍ॅलन की (बोल्ट पिळायची किल्ली), जास्तीचे मोजे, टॉवेल, जंतुनाशक, टेप आणि तो लिपस्टिकचा तुकडा असतो. बूट हा आमचा खास हिशोब. ब्लेडला बूट लागत नाही. मला फक्त उजवा लागतो, त्या मुलीला फक्त डावा, आणि माप एकच. दोघींत एक जोड घेतो. रंगावरून मात्र भांडणं होतात.

पळणं जमत नसेल त्यांनी गट सोडू नये. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये पाय काढून जमिनीवर बसतात, पुरुषांची जाळी 1.15 मीटर, महिलांची 1.05. अँप्युटी फुटबॉलमध्ये मैदानातले खेळाडू कृत्रिम पाय न लावता कुबड्यांवर पळतात आणि गोलकीपरला एकच हात असतो. पॅरालिम्पिकच्या पोहण्यात तर कृत्रिम पाय लावून उतरताच येत नाही. आमच्यातले दोघं पोहण्याकडे वळले, पण दहा मिनिटांना बाकावर हजर असतात.

पॅरा-अ‍ॅथलेटिक्सच्या शर्यतीत नाव घालताना तुमचा वर्ग विचारतात. एक पाय गुडघ्याखाली असेल तर टी-64, एक गुडघ्यावर असेल तर टी-63, दोन्ही खाली टी-62, दोन्ही वर टी-61. ही विभागणी 2018 पासूनची. गावच्या पाच किलोमीटरला याची गरज नसते, पण आयोजकांना तीन गोष्टी आधीच लिहून कळवा: सुरुवातीला कडेची जागा, वाटेत बसून पाय पुसायला एक खुर्ची, आणि शेवटच्या रेषेपलीकडे आणखी एक. ही शेवटची खुर्ची माझ्या पहिल्या शर्यतीत नव्हती. रेषा ओलांडली, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मी ब्लेडवर थांबू शकत नव्हते म्हणून गोल गोल उड्या मारत होते. लोकांना वाटलं आनंदाने नाचते आहे. शेवटी काकांनी हात धरला आणि मला कठड्यावर बसवलं.